चौतिसावा दिवस

“आज कितवा रे?” ताईने विचारलं. नाकात नळी असल्यामुळे तिचा आवाज भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता.

“सव्विसावा,” धाकटा भाऊ म्हणाला.

“म्हणजे चारच उरले. माझ्याच्यानं काही होणार नाही बाबा. वर सांगून मुदत वाढवून घे.”

भाऊजींनी खाटेशेजारून तोंड फिरवलं. “काहीही बडबडते. सुधारणा आहे म्हणाले डॉक्टर.”

“तेच तर!” ताई म्हणाली.

हा विनोद फक्त भावाला कळला, कारण त्याचा कच्चा माल त्यानेच पुरवला होता. तो नगरपालिकेच्या रस्ता सुरक्षा कक्षात बावीस वर्षं कारकून होता. तीन वर्षांत तीन माणसं मेली, की चौकाला सिग्नल मिळे. माणूस अपघातापासून तीस दिवसांच्या आत मरावा लागे. एकतिसाव्या दिवशी मेला, तर कागदावर तो ‘गंभीर जखमी’. लोकसहभागाच्या बैठकीत हे त्यानेच माइकवरून वाचून दाखवलं होतं.

ताई पहिल्या रांगेत असायची. चौकातच तिचं शिवणकामाचं दुकान होतं. गळ्यातली टेप न काढताच ती बैठकीला यायची. सिग्नलसाठी चार वर्षांत तिने सात अर्ज दिले होते.

“दोन झालेत ना तुमचे,” गेल्या बैठकीत साहेब म्हणाले होते, एक सीट भरली की गाडी सोडतो म्हणणाऱ्या जीपवाल्याच्या सुरात.

“मग तिसऱ्यासाठी जाहिरात देऊ का?” ताईने विचारलं. सभा हसली, साहेबही हसले. भावाने इतिवृत्तात लिहिलं, ‘खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली.’

त्या बैठकीनंतर अकराव्या दिवशी दुकानाचं शटर ओढून ती रस्ता ओलांडायला निघाली आणि टँकरने तिला उडवलं.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी ताप चढला. “जवळच्यांना बोलावून घ्या,” डॉक्टर म्हणाले. भाऊ फोन करायला जिन्यात आला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण बोटं मोजतोय. आज, उद्या. बोटं मोजत राहिली. मन कुठल्या बाजूला आहे, हे त्याने मनाला विचारलं नाही.

ताप उतरला. ताई चौतिसाव्या दिवशी सकाळी गेली.

तो कामावर रुजू झाला, तेव्हा साहेब स्वतः त्याच्या टेबलापाशी आले. “वाईट झालं हो. पण हे तुमच्या घरचं प्रकरण, मी हात घालत नाही. अपघातांचा तक्ता तुम्हीच भरा. तुमच्यासारखा काटेकोर माणूस नाही आपल्याकडे.”

अपघाताची तारीख चार दिवस पुढे सरकवली असती, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पोलिसांची प्रत सहा महिन्यांनी येई आणि ती कुणी ताडून बघत नसे. त्याने पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मृत : शून्य. गंभीर जखमी : एक. बावीस वर्षांत त्याच्या तक्त्यात एकदाही खाडाखोड नव्हती. याला तो आजवर प्रामाणिकपणा म्हणत आला होता. आज दुसरा एक शब्द जिभेवर आला. तो त्याने गिळला.

सातव्या अर्जाचं उत्तर अर्जदाराला हातपोच द्यायचं होतं. शिपाई म्हणाला, “त्या घरी मला नका पाठवू.” मग तोच गेला.

भाऊजी शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसले होते. यंत्राच्या सुईखाली कुणाच्या तरी पँटचा एक पाय तसाच अडकलेला होता. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

“‘आपली मागणी निकषात बसत नाही.’ हे तूच टाइप केलंस?”

“हो.”

“शुद्धलेखन चांगलं आहे.”

तो उभाच राहिला. मग म्हणाला, “भाऊजी, पोच लागते. दुसऱ्या प्रतीवर अर्जदाराची सही.”

“अर्जदार आता कुठून आणू?”

“मग तसं लिहा. अर्जदार हयात नाहीत म्हणून. खाली तुमची सही, तारीख.”

भाऊजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “म्हणजे ती गेली, हे तुमच्या ऑफिसला चालतं?”

“या कागदावर चालतं.”

भाऊजींनी दुसरी प्रत यंत्राच्या फळीवर ठेवून सावकाश लिहिलं, ‘अर्जदार मयत.’ सही केली. मग कुणी मागितलं नसताना वर दोन शब्द घुसवले, ‘टँकरखाली येऊन’.

भावाने कागदाची घडी घातली. “येतो,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या कागदावर आवक शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि तो पोच पावत्यांच्या फाइलला लावला. अपघातांची फाइल त्याच कपाटात, एक कप्पा वर होती.