न वाळलेले बुचडे

माझी बायको एव्हाडनी शनिवारी सकाळी गेली. आदल्या संध्याकाळी तिने आमच्या लेकीच्या, केरिसच्या डोक्यावर चौदा बुचडे घातले होते.

समुद्रकाठच्या आमच्या मँचिओनील गावात हे घरोघरी चालतं. केस धुवायचे, जवस उकळून गाळलेलं चिकट पाणी लावायचं, वरून काळं एरंडेल. मग भांग पाडून एकेक बट पिळायची, तिच्याचभोवती गुंडाळायची आणि बुचडा बसवायचा. वाळले की सोडायचे. छान कुरळे वळसे पडतात, विस्तवाची गरज नाही. एव्हाडनी लहान असताना केस सरळ करायच्या तापलेल्या फणीने तिचा कान भाजला होता. त्यामुळे आमच्या घरात फणी कधी चुलीवर गेली नाही. तिचा नियम एकच होता, ओला बुचडा सोडायचा नाही. सोडला तर वळसा राहत नाही, केस नुसते फुगतात.

केरिस नऊ वर्षांची. त्या रविवारी चर्चमध्ये मुलांचा दिवस होता आणि तिला वचनं म्हणायची होती. रविवारी सकाळी एव्हाडनी बुचडे सोडणार होती. शनिवारी अंगणात कपडे वाळत घालताना ती खाली बसली, ती उठलीच नाही.

त्या गडबडीत पोरीच्या डोक्याकडे कुणी पाहिलं नाही. नवव्या रात्री रिवाजाप्रमाणे आम्ही घर बदललं. पलंग दुसऱ्या भिंतीला लावला, गादी उलटी केली, कपाट दाराआड सरकवलं. मेलेलं माणूस परत आलं तर त्याला खोली ओळखू येऊ नये म्हणून हे करतात. सगळं मी एकट्याने हलवलं. मी गवंडी आहे, वजनाची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी केरिसला म्हटलं, "चल, सोडू या आता."

"वाळले नाहीत, डॅडी."

मी हात लावून पाहिलं. खरंच ओले होते.

मला वाटलं, पोरगीच पाणी लावत असेल. म्हणून झोपताना तिच्या डोक्याला साटीनचा रुमाल मी स्वतः बांधायला लागलो. माझी गाठ तिला सुटण्यासारखी नव्हती. सकाळी गाठ जशीच्या तशी असायची, रुमाल कोरडा, आणि आतले केस ओले. खोलीत एरंडेलाचा ताजा वास यायचा. खरं सांगतो, त्या वासासाठी मी लवकर उठायला लागलो होतो. कुणाला बोललो नाही.

असे सहा आठवडे गेले. मग एका शनिवारी सकाळी एव्हाडनीची थोरली बहीण इसिल्डा पोर्ट अँटोनिओहून आली. तिने केरिसला जवळ घेतलं आणि लगेच लांब धरलं.

"रॉयस्टन, ह्या पोरीच्या डोक्याला ओल्या पोत्याचा वास येतोय! मुळाशी जट धरायला लागलीय. आज संध्याकाळपर्यंत सुटले तर ठीक, नाहीतर मी कात्रीने साफ करून टाकणार."

केरिसने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "आंटी, माझे केस कापलेस तर मी तुझा विग जाळीन."

"जाळ की. खाली काय आहे ते बघून तूच घाबरशील."

मी केरिसला अंगणात विटांवर बसवलं, उन्हात, समुद्राच्या वाऱ्याकडे पाठ करून. आठ वाजल्यापासून दुपारपर्यंत मी तिच्या बाजूलाच बसून होतो. इसिल्डाने उकडलेली केळी आणि खारा मासा आणून दिला, तोही तिथेच खाल्ला. बाजूला तारेवरच्या चादरी तासाभरात वाळल्या. दोन वाजता मी एक बुचडा चिमटीत दाबला. पाण्याचा थेंब माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

इसिल्डाने तो पाहिला. ती वाकून केरिसचे भांग निरखायला लागली.

"हे अजून तिनेच पाडलेले आहेत?"

"हो."

"अरे बैला! अख्खं घर फिरवलंस आणि हे तसंच ठेवलंस? पलंग तिला ओळखू येणार नाही, पण स्वतःच्या हातचं काम? हातातलं काम अर्धं टाकून ती कधी उठलेली पाहिलीस?"

मी मनगटावरचं पाणी पँटला पुसलं.

"शिव्या घाल तिला. कडक. त्याशिवाय मेलेली माणसं हलत नाहीत."

"बावीस वर्षांत तिला शिवी दिली नाही, इसिल्डा."

"म्हणून तर मुक्काम ठोकलाय बाईने! मला कुणी असं ठेवलं असतं तर मीही गेले नसते." ती हसली, आणि मग पदर नाही म्हणून बाहीनेच डोळे पुसले.

केरिस पुन्हा दोन्ही हातांनी डोकं झाकून म्हणाली, "सोडले तर मम्मा परत येणार नाही."

तिने हे सरळ सांगितलं. माझ्या मनातही तेच होतं, पण मला ते सांगता आलं नव्हतं.

"नाही येणार," मी म्हटलं.

"आणि ओले सोडले तर ओरडेल."

"मला ओरडेल. तुला नाही."

तिने मान वळवून समुद्राकडे पाहिलं. मग हात खाली घेतले.

मी कपाळाजवळचा पहिला बुचडा सोडला. माझी बोटं सिमेंटने खरखरीत, केस त्यांत अडकत होते. वळसा उतरला तेव्हा एव्हाडनीने घातला तसाच होता, घट्ट आणि चकचकीत. क्षणभरच. वारा लागला आणि तो फुगून पसरला.

"कसा आला?" केरिसने विचारलं.

"फुगला."

"सगळा?"

"सगळा."

असे तेरा सोडले. मानेजवळचा शेवटचा राहिला. एक वेढा उलगडला आणि तो माझ्या बोटांवरून परत गुंडाळला गेला. मी पुन्हा उलगडला, तो पुन्हा गुंडाळला. ओढ नव्हती, घाईही नव्हती. रोजचं काम करावं तसं. इसिल्डाच्या हातातली फणी खाली पडली.

"एव्हाडनी," मी म्हटलं, "रविवार होऊन गेला. पोरीने वचनं म्हटली नाहीत. त्या दिवशी तू नव्हतीस."

मी बुचड्याला हात लावला तर तो आपोआप सुटला.

मग इसिल्डाने मुळाची जट तेल लावून सोडवली. फणीत आलेले केस तिने कोळशाच्या शेगडीत टाकले, पाखरांनी घरट्यात नेले तर डोकं दुखतं म्हणतात, म्हणून. नवे भांग मात्र मलाच पाडायला लावले. मी आजवर भिंती ओळंब्यात उभ्या केल्या, पण पोरीच्या डोक्यावर एक रेघ सरळ आली नाही. नऊच बुचडे झाले, एकेक कांद्याएवढा. केरिसने आरसा धरला.

"डॅडी, मम्माला मी ओळखूच येणार नाही."

इसिल्डाने माझ्याकडे पाहिलं. मी आरसा केरिसच्या हातातून घेतला.

रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा खोलीला कसलाच वास नव्हता. केरिस डोळे मिटून पडली होती, पण जागी होती. मी रुमालाखाली बोट घातलं.

"ओले आहेत?" तिने विचारलं.

"नाही. वाळलेत."

ती भिंतीकडे वळली आणि रडायला लागली. आई गेल्यावर ती रडली नव्हती, दफनाच्या दिवशीही नाही. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि तिला रडू दिलं. चर्चची घंटा झाली तरी आम्ही दोघं तिथेच होतो.