चाचांच्या पोटातला ठोका

यम्ना ओहायोहून सुट्टीवर शारजाला आली तेव्हा घरात दोनच विषय होते: बिर्याणी कधी करायची आणि यम्ना कशात स्पेशालिस्ट होणार. बिर्याणीचा शुक्रवार ठरला. दुसरं काही ठरेना. डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं आणि सप्टेंबरात रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत स्पेशालिस्ट होण्याच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करायचे होते. त्याआधी शाखा निवडायलाच हवी होती.

अब्बांचं, म्हणजे खैरुद्दीन यांचं, केव्हाच ठरलं होतं. शारजा औद्योगिक क्षेत्रात त्यांचं गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. "कंबर-पाठीचं क्लिनिक टाक," ते म्हणायचे. "आमच्या लाइनीतले अर्धे लोक कंबर धरूनच चालतात. बाहेर तुझ्या नावाची पाटी!"

शुक्रवारी त्यांचे भागीदार नोमानचाचा जेवायला आले. पासष्टी उलटलेले, सिगारेट न सोडलेले, मूळचे राजापूरचे.

"यम्ना, तुझं ते ऑस्टिओपॅथिक म्हणजे नेमकं काय गं?"

"चाचा, अमेरिकेत डॉक्टरच्या दोन डिग्र्या असतात, एमडी आणि डीओ. माझी डीओ. औषधं, ऑपरेशन, सगळं तेच. शिवाय हातांनी तपासायचं आणि सांधे-स्नायू मोकळे करायचं शिक्षण जास्तीचं."

"म्हणजे हाडवैद्य!" चाचा हसले आणि हसता हसता कळवळले. "सकाळपासून कंबर धरलीय बघ. ते कटकट आवाज काढून मोकळं करतात ना, तसं कर. हा मी पालथा पडतो."

"पालथे नको. आधी उताणे झोपा."

चाचा कुरकुरत सोफ्यावर आडवे झाले. त्यांचं कपाळ घामानं ओलं होतं आणि एसी तर जोरात चालू होता. यम्नानं पोटावर हात ठेवला. बेंबीच्या थोडं वर तिची बोटं थबकली. आत काहीतरी उडत होतं. दोन्ही हात दोन बाजूंना ठेवले, तर प्रत्येक ठोक्याला ते हात एकमेकांपासून दूर ढकलले जात होते.

हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. हाताखाली पहिल्यांदाच येत होतं.

"अलिशा, ९९८ लाव. अ‍ॅम्ब्युलन्स. लगेच!"

दहावीतली अलिशा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "फॉर बॅक पेन? सीरियसली?" मग तिनं बहिणीचा चेहरा पाहिला आणि नंबर लावला.

"अगं, गॅस झालाय," चाचा उठायला लागले.

"उठायचं नाही! अम्मी, पाणीसुद्धा देऊ नकोस." मग ती अब्बांकडे वळली. "टायरला बाजूनं फुगा येतो ना, तसा पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला आलाय. बहुतेक झिरपायला लागलाय. कंबर त्यानंच दुखतेय."

फुगा आलेला टायर उन्हात किती टिकतो हे अब्बांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते खाली धावले आणि अ‍ॅम्ब्युलन्सला वाट मिळावी म्हणून समोरच्या गाड्या हलवू लागले.

हॉस्पिटलच्या दारातून स्ट्रेचर आत गेलं तेव्हा यम्ना चाचांना सारखं बजावत होती, "हलू नका हं." डोक्यापाशी उभ्या असलेल्या नर्सनं चमकून पाहिलं. "मराठी? मी रोझलिन, वसईची. बोलत राहा त्यांच्याशी, शांत राहतील."

इमर्जन्सीच्या डॉक्टर हिबा इजिप्तच्या होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "काय झालंय?" आणि यम्नाच्या तोंडून चार वाक्यं घडाघडा बाहेर पडली: वय, सिगारेट, दुखणं, पोटातला ठोका.

"कुठे लागला हाताला? दाखव."

यम्नानं जागा दाखवली. डॉक्टरांनी तिथेच सोनोग्राफी लावली. पडद्यावर मोठा काळा गोल उमटला.

"यल्ला, चला! सर्जनना बोलवा, थिएटर उघडा, रक्त मागवा!"

आणि सगळी खोली पळायला लागली. यम्ना चाचांचा हात धरून स्ट्रेचरबरोबर धावली, ऑपरेशन थिएटरची दारं तिच्या नाकासमोर मिटेपर्यंत.

ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. चाचांची काळजी होती, तरी ती हसत होती. त्याची तिला लाज वाटली. "मी हसतेय का?" तिनं रोझलिनला विचारलं.

"पहिल्यांदाच होतं ना? काहींचं असंच होतं. ते मग इमर्जन्सीतच राहतात. बाकीचे पुन्हा इकडे फिरकत नाहीत."

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. फुगलेल्या भागात कृत्रिम नळी बसवली होती. चाचा वाचले होते. अब्बा खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले.

घरी जाण्यापूर्वी डॉक्टर हिबांनी यम्नाला गाठलं. "उशीर झाला असता तर हाती लागले नसते. तू कशात जाणार आहेस?"

"इमर्जन्सी मेडिसिन," यम्ना म्हणाली. हे शब्द आधीपासूनच तयार असल्यासारखे आले.

गाडीत अब्बांनी चावी फिरवली. मग म्हणाले, "रात्रपाळ्या. ईदलाही ड्युटी. पाटी नाही, काही नाही."

"हो, अब्बा."

"आणि आज तू घाबरली नव्हतीस?"

"प्रचंड घाबरले होते. पण तिथून हलावंसं वाटत नव्हतं."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. "मग दुसरं काही करू नकोस."

पुढच्या मार्चमध्ये ईद आणि रेसिडेन्सीचा निकाल एकाच दिवशी आले. शारजात रात्रीची जेवणं चालू असताना ओहायोहून व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर यम्ना उड्याच मारत होती, चेहरा काही धड दिसत नव्हता.

"मिशिगन! अब्बा, मिशिगन! इमर्जन्सी!"

अम्मी हाफिजानं शीरखुर्म्याचा डाव तसाच हवेत धरला. अलिशा किंचाळली, "ओ माय गॉड, शी डिड इट!" जरा बारीक झालेल्या नोमानचाचांनी अब्बांच्या हातातून फोन ओढून घेतला. "मुबारक, डॉक्टर! तिथं बर्फ पडतो म्हणे, खरं का?"

"पडतो चाचा, ढिगानं पडतो!"

"मग मी बघायला येणार," चाचा म्हणाले, आणि अब्बांनी त्याच रात्री तिकिटं शोधायला घेतली.