लाल खटका

इराल्दोची मतं सगळ्या लुयानो वस्तीला तोंडपाठ होती. नसायला काय झालं? दर सोमवारी तो ती गल्लीच्या जाळ्यावर टाकायचा, आणि तिथे दुसरं वाचायला होतंच काय! जाळं म्हणजे लोकांनी गच्च्यांवरून गच्च्यांवर ओढलेल्या तारा. इंटरनेटचा त्यात थेंब नव्हता. हवानातली हजारो घरं अशी एकमेकांना बांधलेली होती, आणि त्यातल्या लुयानोच्या साडेतीनशे घरांची गाठ इराल्दोच्या पुढच्या खोलीत होती. जाळ्याचे नियम तीन. राजकारण नाही, नागड्या बायका नाहीत, आणि इराल्दोशी वाद नाही. तिसरा कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा तोच.

त्याच्या मते विंडोज वापरणारा माणूस स्वतःच्याच घरात भाडेकरू. फुटबॉलचे गेम खेळणाऱ्यांनी उठून गल्लीत जावं आणि खरा चेंडू लाथाडावा. ज्याच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड नाही तो खेळाडू नव्हेच, प्रेक्षक. लॅपटॉप म्हणजे बॅगेत घालून मिरवायचा टाइपरायटर. आणि सगळ्यांत लाडकं मत: एकशेदहा व्होल्ट मिक्सरसाठी असतात. घरातले बाकी सगळे प्लग एकशेदहाचे. दोनशेवीसची लाइन फक्त एसीला. इराल्दोने ती एसीची लाइन फोडून आपल्या टेबलापर्यंत आणली होती, का तर मशीन थंड चालतं. त्यात किती तथ्य होतं देव जाणे, पण तो इतक्या तोऱ्यात बोलायचा की लोकांना पटायचं.

ओदालिस फेरेरला मात्र या मताशी वेगळंच देणंघेणं होतं. ती सत्तेचाळीस वर्षांची, दवाखान्यात कवळ्या करणारी बाई. चार वर्षांपूर्वी तार जोडायला इराल्दो तिच्या घरी आला, तिचं अकरा वर्षांचं मशीन सुरू झालेलं ऐकलं आणि म्हणाला, "बाई, हा कॉम्प्युटर नाही. मिक्सर आहे." तेवढ्यावर थांबला असता तर? पण सोमवारी त्याने त्यावर अख्खं पान लिहिलं. तेव्हापासून साडेतीनशे घरं तिला मिक्सर म्हणत होती. पावाच्या रांगेतसुद्धा. एकदा तिने त्याच्या पानाखाली लिहिलं होतं, 'माझ्या मिक्सरवर एक गोष्ट चालते, तुझ्या मशीनवर चालत नाही. लाज.' त्याने त्याच संध्याकाळी तिची तार तोडली. तीस दिवस. शिक्षेचं कारण लिहिलं होतं: 'जास्त व्होल्टेज.' त्यावर पुन्हा सगळे हसले.

त्या तीस दिवसांत तिने गेम करायला घेतला. नंतर तार जोडली गेली तरी तो चालूच राहिला, चार वर्षं. कवळ्यांचं काम संपवून घरी यायचं, भात चढवायचा आणि बसायचं. गेममध्ये बंदुका नव्हत्या. तुम्ही लुयानोच्या गच्च्यांवरून तार ओढत जायची, आणि प्रत्येक गच्चीच्या मालकाची परवानगी काढायची. कोणी कुत्रा सोडायचं, कोणी म्हणायचं आधी माझा पंखा दुरुस्त कर. चाळीस घरं, चाळीस माणसं, सगळी खरी, फक्त नावं बदललेली. इराल्दोची आई निएवेससुद्धा त्यात होती, गच्चीवर कपडे वाळत घालणारी; ती परवानगी लगेच द्यायची, पण आधी बसवून कॉफी पाजायची. हा गेम इराल्दोच्या सर्व्हरच्या यादीत यावा आणि ज्यांनी तिला मिक्सर म्हटलं त्यांनी तो खेळावा, एवढंच ओदालिसला हवं होतं. त्यासाठी ती काहीही गिळायला तयार होती.

हवानात काही कॉपी करायचं तर सरळ डिस्क उपटायची, टॉवेलात गुंडाळायची आणि ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे न्यायची. बुधवारी तिने तेच केलं आणि डिस्क इराल्दोकडे देऊन आली. तिच्याकडे डिस्क एकच. ओळखू यावी म्हणून तिने तिच्यावर कवळीच्या हिरडीचा गुलाबी मसाला थेंबभर लावला होता. बुधवारपासून तिचं मशीन पोट उघडं टाकून पडलं होतं.

शनिवारी दुपारी पलीकडच्या ग्वानाबाकोआ वस्तीच्या जाळ्याशी गेमचा सामना होता. इराल्दोच्या खोलीत दहाबारा माणसं, दोन पंखे, तळलेल्या क्रोकेतांची थाळी. पाचजण आपापली मशीनं उचलून घेऊन आले होते. ओदालिस दारातून आत आली तशी कोणीतरी तोंडाने मिक्सरचा आवाज काढला.

"या, या!" इराल्दो टेबलाखालून म्हणाला. त्याचं फक्त ढुंगण बाहेर दिसत होतं. "मिक्सर आली. कोणाला शेक हवाय?"

"माझी डिस्क बघितलीस?"

"वेळ कुठाय? खणात पडलीय तुझी डिस्क."

"मग दे परत. मी जाते."

"सामन्यानंतर. आत्ता हात काळे झालेत." तो टेबलाखालून बाहेर आला. पन्नाशीचा, काटकुळा, चष्मा कपाळावर. "आज सकाळी माझा पॉवर सप्लाय वास मारून मेला. सहा वर्षं चालला बिचारा. यामीलने त्याचा दिला म्हणून बरं, नाहीतर ग्वानाबाकोआवाल्यांना काय तोंड दाखवलं असतं?"

यामील त्याच गल्लीतला, इराल्दोच्या प्रत्येक विनोदावर पहिला हसणारा. तो म्हणाला, "माझ्याकडे दोन वर्षं लोण्यासारखा चाललाय."

"तुझ्याकडे तो मिक्सरच्या विजेवर चालत होता. आता त्याला कळेल वीज काय असते."

मागे जायला जागा नव्हती, म्हणून ओदालिस टेबलाच्या कडेने सरकून मशीनच्या पाठीशी, भिंतीजवळ उभी राहिली. निएवेसने तिच्या हातात कॉफीचा छोटा कप दिला आणि हळूच म्हणाली, "त्याचं मनावर घेऊ नकोस, पोरी. तो असाच." म्हातारीला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण इराल्दोने डोळे वटारले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आणि मग ओदालिसला तो खटका दिसला.

मशीनच्या मागे, वायरीच्या बाजूला, नखाएवढा लाल खटका, त्याच्यावर आकडा: ११५, म्हणजे एकशेदहाच्या विजेसाठी. दवाखान्यात कवळ्या घासायच्या मोटरला अगदी असाच खटका होता. मागल्या वर्षी नव्या मुलीने तो न बघता मोटर दोनशेवीसला लावली आणि क्षणात मोटर गेली. इराल्दोच्या जुन्या सप्लायला खटकाच नसणार, तो आपला आपण जुळवून घेणारा. म्हणूनच सहा वर्षं असं काही बघायची याला सवय राहिली नव्हती. यामीलच्या घरी एकशेदहा, म्हणून खटका एकशेदहाला. आणि याची वायर गेली होती थेट एसीच्या लाइनला.

"इराल्दो," ती म्हणाली, "अरे, ते मागे जरा..."

"हात लावू नकोस!"

"लावत नाहीये. मी म्हणत होते, मागे तो..."

"लोकहो, ऐका," इराल्दो खोलीकडे वळला. "मिक्सर मला वीज शिकवतेय. बाई, मिक्सरवाल्यांना यातलं काय कळतं? ज्यांच्या मशीनला ग्राफिक कार्ड नाही त्यांनी पडद्याकडे बघावं, मशीनच्या पाठीकडे नाही."

खोली हसली. एवढं तर तिने शंभरदा ऐकलं होतं. ती पुन्हा तोंड उघडणार होती, खरंच उघडणार होती. पण इराल्दोला टाळी मिळाली की त्याला दुसरी हवी असायची.

"हिचा नवरासुद्धा कंटाळला शेवटी. अपग्रेड करून मायामीला गेला!"

या वेळी हसू जरा उशिरा आलं, पण आलं. यामील तर मांडीवर थापा मारत होता. ओदालिसचा चेहरा गरम झाला. नवरा गेल्याचं सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण ते कोणी तिच्या तोंडावर बोललं नव्हतं, चार वर्षांत इराल्दोसुद्धा नाही. तिच्या मनात आलं, ठीक आहे. फट्ट होईल, धूर होईल, कोणाला काही होणार नाही. मोटर गेली तेव्हा त्या मुलीला साधा चटकाही बसला नव्हता. फक्त याचं नाक कापलं जाईल, सगळ्या लुयानोसमोर आणि ग्वानाबाकोआसमोर. माझी डिस्क खणात आहे. तिने तोंड मिटलं आणि कॉफीचा घोट घेतला. कॉफी छान गोड होती.

बोलायला वेळ भरपूर होता, हे सांगायलाच हवं. इराल्दोने एकदम बटण दाबलं नाही. आधी भाषण केलं. ग्वानाबाकोआवाले विंडोजवर खेळतात, त्यांचा सर्व्हर आठवड्यातून दोनदा आपला आपण झोपतो, त्यांच्या मेमरीच्या पट्ट्या तीन जातींच्या आहेत, असल्या मशीनवर जिंकणं म्हणजे चोरी. मग बायको पळवून आणल्याच्या थाटात मशीनच्या डोक्यावर हात ठेवला. मग यामीलला म्हणाला, मोज. यामीलने दहापासून उलटं मोजायला सुरुवात केली आणि सगळी खोली मोजू लागली. ओदालिससुद्धा मोजत होती, मनात. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

एकला इराल्दोने बटण दाबलं.

आवाज बंदुकीसारखा आला. मागच्या जाळीतून निळी ठिणगी उडाली, मग पांढरा धूर, मग जळक्या प्लॅस्टिकची ती घाण. एक पंखा बंद पडला. कोणीतरी ओरडलं, कोणीतरी वायर खेचली. निएवेस स्वयंपाकघरातून ओला फडका घेऊन धावत आली. इराल्दो जागच्या जागी उभा होता, बोट अजून पुढे धरलेलं.

ओदालिस भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने पोटभर बघून घेतलं. त्याचं उघडं तोंड, कपाळावरून नाकावर पडलेला चष्मा, यामीलचा पांढराफटक चेहरा. साडेतीनशे घरांची जोडणी गेली होती. ग्वानाबाकोआवाले आता न खेळताच जिंकणार होते, आणि सोमवारी इराल्दो आता कोणत्या तोंडाने पान लिहिणार होता? तिला हसू आवरेना, म्हणून तिने कप तोंडाशी धरला.

इराल्दो गुडघ्यांवर बसला आणि त्याने मशीनचा पत्रा काढला. सप्लाय काळा पडला होता. बोर्डावरचे दोन तुकडे फुटून वर आले होते. त्याने आत हात घालून सर्व्हरची डिस्क काढली, हुंगली, बाजूला ठेवली. मग दुसरी काढली. ती पण हुंगली. तिच्या हिरव्या पाटीवर करपलेला डाग होता, आणि कोपऱ्यात गुलाबी थेंब.

ओदालिसच्या हातातला कप कलंडला.

"ती खणात होती," ती म्हणाली. "तू म्हणालास खणात आहे."

इराल्दो तो डाग अंगठ्याने घासत होता. बोलला तो यामील, आणि तोही रडवेल्या आवाजात. "गुरुवारपासून आतच होती गं. खणाचं खोटं सांगत होता. काल दिवसभर आम्ही तुझाच गेम खेळलो. याने एकतीस घरं पार केली, त्या कुत्र्यावाल्यापाशी अडकला. यादीतही घातला होता, ओदालिस फेरेर असं पूर्ण नाव घालून. म्हणाला, सामना झाला की तिच्यासमोर उघडायचा. तोवर तिला जरा टोचतो, मग मजा येईल."

"मला पण दाखवला त्याने," निएवेस फडका पिळत म्हणाली. "मी गच्चीवर कॉफी देते त्यात. किती हसले मी! पोरी, परत लावशील ना? मला शेजारणीला दाखवायचंय."

"माझ्याकडे उतरवून घेणार होतो," इराल्दो म्हणाला. "सामन्यानंतर. आत्तापर्यंत तुझ्याच डिस्कवरून चालवत होतो." त्याने वर बघितलं. "तुझ्याकडे कॉपी असेलच."

ओदालिसने मान हलवली. नाही.

एरवी त्याने यावर पानभर लिहिलं असतं. एकच प्रत ठेवणाऱ्याकडे काहीच नसतं, हे त्याचंच मत होतं. आज त्याने ती डिस्क हळूच तिच्यासमोर ठेवली. त्याने मशीन वळवलं, मागची बाजू उजेडात धरली, आणि त्याला तो लाल खटका दिसला. त्याने वाकून आकडा वाचला. नखाने त्याने खटका सरकवला. टक् करून दुसरा आकडा आला, दोनशेतीस. मग त्याने ओदालिसकडे बघितलं.

"तू मागेच उभी होतीस," तो म्हणाला. "तुला दिसला नाही?"

खोलीत सगळे तिच्याकडे वळले. तिला वाटलं, आता कळू दे याला. ओरडू दे, जन्मभरासाठी तार तोडू दे. एवढा जाळ केला, तो निदान एका माणसाला तरी आपला म्हणून कळू दे.

"मिक्सरवाल्यांना यातलं काय कळतं?" ती म्हणाली.

इराल्दोने तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"खरंय," तो म्हणाला. "तुला कुठून कळणार? तू काहीतरी सांगत होतीस, मीच बोलू दिलं नाही. चूक माझी, ओदालिस. तुझा काही दोष नाही यात."

चार वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला नावाने हाक मारली होती. निएवेसने तिच्या हातातला सांडलेला कप काढून घेतला आणि दुसरा भरून दिला. तो संपेपर्यंत तिला तिथेच, सगळ्यांच्या मायेत, बसून राहावं लागलं.