तळलेल्या कोंबडीची मोकळीक

रोझलिन काउपानं पाडली नाही अशी रग्बी खेळाडू कुंडियावाच्या आसपासच्या डोंगरांत शोधून सापडली नसती. रताळ्याचे वाफे खणून तयार झालेले तिचे खांदे लागले, की समोरची आधी आईला हाक मारायची आणि मग पंचाला. तरी देशाची जर्सी दर वेळी हुकत आली. एकदा बाळंतपण आडवं आलं, एकदा दरड कोसळून रस्ता बंद झाला, एकदा निवड करणारे साहेबच उगवले नाहीत. आता ती एकतीस वर्षांची झाली होती. आज मात्र राजधानी पोर्ट मोर्स्बीहून निवड करायला गावेरा बाई खरोखर आल्या होत्या, वही उघडून बसल्या होत्या, आणि पहिल्या फळीतली एकच जागा भरायची राहिली होती.

सगळं जुळून आलं म्हणावं, तर रोझलिनच्या लाल संघासमोर निळ्या संघात मायमा उभी. मायमा म्हणजे रोझलिनची थोरली नणंद, लाए शहरातून नुकतीच परतलेली, चौतीस वर्षांची, आणि त्याच जागेवर डोळा ठेवून असलेली.

रोझलिनच्या सासरी थोरल्या नणंदेच्या अंगाला हात लावत नाहीत. वाटेत ती समोरून आली तर मान खाली घालून बाजूला व्हायचं. दहा वर्षांत ही सवय रोझलिनच्या पायांत इतकी मुरली होती, की मायमा चेंडू घेऊन धावत आली आणि रोझलिन चक्क बाजूला सरकली. मायमानं आरामात रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केला.

"अगं, वाट कसली देतेस? बस आहे का ती?" झाडावर चढून बसलेला एकजण ओरडला.

निळ्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी चेंडू फक्त मायमाकडे द्यायला सुरुवात केली. मध्यंतरापर्यंत तिचे तीन ट्राय झाले होते आणि गावेरा बाईंनी वहीत काहीतरी खोडलं होतं. ते रोझलिननं पाहिलं.

"आई, माझं संपलं," ती सासूला म्हणाली.

सासू कुगामे दोन्ही संघांच्या फिती लावून आली होती. तिनं तोंडातली सुपारी थुंकली. "नाक पूस आधी. रीत आमची, तर ती सोडवायची कशी तेही आम्हालाच ठाऊक. तू कोंबडी द्यायची, तिनं खायची. खाल्ली की मोकळीक."

फाटकाजवळच्या गाडीवरून तळलेली कोंबडी आली. ती बघून सासरचे बोमाई काका उखडले. "ही कसली कोंबडी? खड्ड्यात, तापल्या दगडांवर तीन तास भाजलेली लागते! कागदात गुंडाळलेली पूर्वजांना चालेल का?"

"पूर्वजांना दात कुठे होते शेवटी शेवटी? तळलेली बरी पडेल," कुगामे म्हणाली.

"मध्यंतर कधीच संपलंय," पंच म्हणाला.

"तू गप रे. तुझी आई आमच्याच घरची," कुगामेनं दटावलं.

 पंचाला एक पंख मिळाला.

मायमानं तंगडी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. खाल्ली नाही तर आणखी तीन ट्राय आणि जर्सी तिची, हे मैदानावरच्या कुत्र्यालाही कळत होतं.

"वन्सं, नाही खाल्लीत तरी मी काही म्हणणार नाही," रोझलिन म्हणाली. हे साफ खोटं होतं.

"म्हणशील. आणि मरेपर्यंत म्हणशील." मायमानं एकदा गावेरा बाईंच्या वहीकडे पाहिलं आणि तंगडी हाडापर्यंत साफ केली. "आता ये. हळू आलीस तर माझ्या भावाला सांगेन."

खेळ पुन्हा सुरू झाला. मायमा धावत आली, रोझलिननं डोळे मिटले आणि खांदा घातला. मायमा आडवी झाली, चेंडू एकीकडे गेला. रोझलिनच घाबरली.

"वन्सं, लागलं का हो?"

"मला काय विचारतेस, बावळट! चेंडू पळतोय!"

त्यानंतर तिनं नणंदेला आणखी सात वेळा पाडलं. लाल संघ दोन गुणांनी हरला, पण गावेरा बाईंनी नाव पुकारलं ते रोझलिनचं.

लोकांनी तिला खांद्यावर घेऊन नाचवलं. खाली उतरल्यावर ती मायमाला शोधत गेली. मायमा कुंपणाशी खांद्यावर बर्फ धरून बसली होती.  रोझलिनला आनंद होता आणि लाजही वाटत होती. ती शेजारी बसली.

"ते तीन ट्राय माझे नव्हतेच, मला ठाऊक होतं," मायमा म्हणाली. "पण पळताना समोर कुणी नव्हतं ना, तेव्हा वाटलं, झालं, मीच." तिचे डोळे भरून आले. "पोरं माझ्याकडे ठेवून जा."

"वन्सं..."

"आणि जर्सी आणलीस की एक दिवस मला घालायला दे. धुतलेली नको."