तापाची चिठ्ठी

सकाळी साडेसातला भिंगरी एका बुटावर उभी होती. दुसरा बूट आजीच्या खुर्चीखाली आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगायचं म्हणजे तीन-चार शब्द रांगेत उभे करायला हवेत, आणि तिचे शब्द तोंडाशी आले की एकदम दारात अडकायचे. पाच वर्षांच्या त्या पोरीनं बोट दाखवलं.

"बोलून सांग, राणी," आई म्हणाली.

"खु... खु..." भिंगरीनं पाय आपटला.

"कशाला छळतेस तिला?" आजीनं बूट पायानं पुढे सरकवला. "हिचा बापही पाच वर्षांचा होईतो बोलत नव्हता. आता गिऱ्हाइकासमोर त्याला गप्प करावं लागतं."

पुढच्या खोलीतल्या चष्म्याच्या दुकानात काचा पुसत बसलेला बाप हसला. आईला मात्र हसू आलं नाही.

शाळेच्या फाटकाशी वर्गाच्या बाईंनी आईला बाजूला घेतलं. "उद्या तपासणीला पाहुणे येणार आहेत. प्रत्येक मुलानं चित्र बघून दोन वाक्यं बोलायची. तुम्ही असं करा, उद्या तिच्या तापाची चिठ्ठी पाठवा."

"पण तिला ताप नाहीये."

"अहो, चिठ्ठीला कुठे ताप लागतो? दरवर्षी दोघं-तिघं असतातच. त्यांचीही लाज राहते, आमचीही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हट्टी आहे हो तुमची. सगळं कळतं, पण बोलणार नाही. गेल्या आठवड्यात म्हटलं, उत्तर देईपर्यंत उभी राहा. तासभर उभी राहिली, तोंड उघडलं नाही!"

आईनं भिंगरीला जवळ ओढलं. त्या दिवशी भिंगरी घरी येऊन जेवली होती, खेळली होती. काही सांगितलं नव्हतं. कशी सांगणार?

"हट्ट नाही, बाई. तिला..."

"अडचण असती तर प्रवेशाच्या अर्जात तुम्हीच लिहिलं असतं की!"

आईला तो अर्ज आठवला. बोलण्यात काही अडचण आहे का, या प्रश्नापुढे तिनंच 'नाही' लिहिलं होतं. सासूबाई शेजारी बसून म्हणाल्या होत्या, "एकदा शिक्का बसला की बसला. उद्या लग्नात आडवा येईल." पदवी घेतलेल्या सुनेनं मान डोलावली होती.

मागे एक शिंपीणबाई मुलाचा हात धरून उभी होती. तिनं पिशवीतून कागद काढला. "माझी तयारच असते बघा. गेल्या वर्षीचीच, तारीख तेवढी बदलते." ती हसली, पण मुलाकडे न बघता.

दुपारी आईनं दुकानातला खालचा खण उघडला. चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांखाली इस्पितळातल्या स्पीच थेरपिस्ट ताईंचं पत्र चार महिने दडवलेलं होतं. शाळेत द्या, असं बजावून दिलेलं. त्यात लिहिलं होतं: मुलीला पुढच्या बाकावर बसवावं. प्रश्न चित्र दाखवून विचारावा. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून थांबावं, मधे बोलू नये. आठवड्यातून दोनदा सराव.

"ते पत्र शाळेत नेणार?" सासूबाई दारात उभ्या होत्या. "चारचौघांत पोरीचे वाभाडे काढणार?"

"वाभाडे निघालेत, सासूबाई. तासभर उभी होती ती. माझ्या एका 'नाही'मुळे."

"अगं, पण लोक..."

"लोक रोज पोरांना घेऊन आपल्या दुकानात येतात. फळा दिसत नाही म्हणतात, नंबर काढून घेतात. त्यांच्या डोळ्यांना मदत चालते, मग माझ्या पोरीच्या जिभेला का नाही? एक खोटं मी लिहिलं. दुसरं लिहिणार नाही."

बापानं हातातली फ्रेम खाली ठेवली. "मला वर्गात पोरं तोतऱ्या म्हणायची," तो आपल्या आईकडे न बघता म्हणाला. "ते कुणी विचारलंच नाही कधी." म्हातारी दारातून बाजूला झाली.

संध्याकाळी आई शिंपीणबाईकडे गेली, आणि तिला घेऊन आणखी एका घरी, उद्या चिठ्ठी नको, मुलालाच पाठवा असं सांगायला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधी आई शाळेच्या मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभी होती. अर्ज मागून घेतला, 'नाही' खोडलं, 'आहे' लिहिलं, खाली सही केली आणि ताईंचं पत्र शेजारी ठेवलं.

"अशी खाडाखोड चालत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि आज कशाला आणलंत तिला? वर्गात पन्नास मुलं आहेत. एकेकीसाठी थांबायला वेळ कुठे आहे?"

"बाई, तुमचा चष्मा आमच्याच दुकानातला. जरा काढा, आणि हा अर्ज वाचा."

"काहीतरीच काय! चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही मला."

"मग तासभर उभ्या राहा. दिसेल."

मोठ्या बाईंचा हात चष्म्याच्या दांडीवर गेला आणि तिथंच राहिला. वर्गाच्या बाई दारात होत्या. त्यांनी मान खाली घातली. मग पुढे होऊन त्यांनीच ते पत्र उचललं.

"दहा आकडे," वाचून त्या हळूच म्हणाल्या. "एवढंच होतं?"

"एवढ्यानं सुरुवात होईल. पण रोज करायचं, फक्त पाहुण्यांसमोर नाही. मी दर सोमवारी येऊन विचारणार आहे."

भिंगरी पहिल्या बाकावर बसली. पाहुण्यांनी विहिरीचं चित्र वर धरलं आणि विचारलं, "इथे काय आहे?" मागे कुणीतरी खिदळलं. वर्गाच्या बाईंचे ओठ सवयीनं हलले, मग मिटले. पाठीमागे हात धरून त्या बोटांवर मोजू लागल्या. चार. पाच. खिडकीबाहेर आईनं गज घट्ट धरले होते. सात. आठ.

"पा... पा... पाणी."

दोन वाक्यं नव्हती, एकच शब्द होता. पण तो तिचा होता, आणि कुणी तो तिच्या तोंडून काढून घेतला नव्हता. पाठोपाठ शिंपीणबाईचा मुलगा उभा राहिला. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

शेवटी पाहुण्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं. गेल्या वर्षीचं पान उलटून ते म्हणाले, "तपासणीच्या दिवशी तीन मुलं तापानं आजारी. त्याच्या आदल्या वर्षीही तीन. यंदा?"

वर्गाच्या बाईंनी खिडकीकडे पाहिलं.

"यंदा कुणालाच ताप नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाही नव्हता."