तेराला कोणी उठवायचं

सुशीलाबाईंना निवृत्तीनंतर कोडिंगचं वेड लागलं, असं शंकर नगरातल्या बायका म्हणत. म्हणोत बापड्या. खरं कारण होता त्यांचा मुलगा यशदीप. दिवाळीत जेवताना, त्याने सोडलेल्या नोकरीवरून वडिलांनी, रामकृष्णरावांनी, त्याला नको नको ते ऐकवलं आणि पोरगा भरल्या ताटावरून उठून बंगलोरला निघून गेला. तेव्हापासून फोन बंद. फक्त दर रविवारी आईच्या मोबाईलवर एक कोडं येई. प्रोग्राम लिहायला त्यानेच शिकवलं होतं. त्या उत्तर पाठवत, तो बरोबर की चूक ते कळवी. माय-लेकात एवढाच धागा उरला होता आणि तो तुटेल या धास्तीने त्या एकही रविवार चुकवत नसत.

या रविवारचं कोडं दिसायला गरीब होतं. दोन, पाच, आठ, नऊ, तेरा. यातले असे आकडे ठेवा की बेरजेला तीनने पूर्ण भाग जाईल आणि बेरीज जास्तीत जास्त मोठी राहील. आकडे बदलले तरी प्रोग्राम चालला पाहिजे. सगळ्यांची बेरीज सदतीस, म्हणजे एक जास्त. सुशीलाबाईंच्या प्रोग्रामने सरळ तेराला बाहेर काढलं, राहिले चोवीस. हिंदी मुलखात वाढलेला यशदीप घरातही हिंदीच बोले; त्याचा निरोप आला, 'गलत. दो और पाँच को हटाओ, तीस बचेगा.'

हिशेब पटला, पण हात चालेना. त्यांच्या डोळ्यांपुढे आकडे पंगतीलाच बसले होते. दोन लहान लेकरं उठवायची? त्यापेक्षा एक मोठा उठवावा. मोठा आहे, समजून घेईल. दिवाळीत तरी त्यांनी दुसरं काय केलं होतं? नवऱ्याला गप्प करायचं सोडून पोरालाच म्हणाल्या होत्या, "तू तरी समजून घे." ते आठवलं की अजूनही त्यांना स्वतःचाच राग येई.

कूलरच्या गार वाऱ्यात त्यांचा डोळा लागला. अंगणात पंगत मांडली होती आणि आकडे जेवायला येत होते, गावातल्याच कोणी पंडरी मोहल्ल्यातून, कोणी सदर बाजारातून, घामेजलेले, खुशीत. तेरा सगळ्यांत उंच. यशदीप बसतो तसाच पोक काढून बसला होता. वरणाचं भांडं घेऊन सुशीलाबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या, पण 'उठ' म्हणायला तोंड उघडेना. ऊन जागचं हलत नव्हतं, वरणाची वाफ संपत नव्हती, कोणालाच घाई नव्हती. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून मांडलं. दारातूनच तीन रांगा केल्या. एकीच्या बेरजेला पूर्ण भाग जातो, दुसरीत एक उरतो, तिसरीत दोन. नवा आकडा आला की त्याला घेऊन कोणती रांग किती मोठी होते ते पाहायचं आणि तिन्ही रांगा शेवटपर्यंत राखायच्या. आत्ता अपुरी वाटणारी रांग पुढचा पाहुणा आला की पुरी होत होती. एकच आकडा दोन-दोन रांगांत दिसत होता, पण स्वप्नच ते, कोणाला नवल वाटलं नाही.

जाग आली तेव्हा चहाची वेळ झाली होती. शेजारच्या खुर्चीत रामकृष्णराव पेपर वाचत होते. सुशीलाबाईंनी चहा तसाच ठेवला, तीन रांगांचा प्रोग्राम लिहिला आणि पाठवून दिला. थोड्या वेळाने फोन वाजला. यशदीपचं नाव होतं. त्यांनी स्पीकर लावला.

"आई, सही है. पर इसमें तो हटाने वाला हिस्सा ही नहीं है."

"जेवाले बसलेल्याले काहून उठवू?" त्या म्हणाल्या. "शेवटचा येईपर्यंत कोणती रांग पुरी होईन, कोणाले माहीत? म्हणून मी एकही मोडली नाही."

यशदीप हळूच म्हणाला, "मुझे किसी ने नहीं उठाया था, आई. मैं खुद उठा था."

रामकृष्णरावांनी पेपर खाली ठेवला. "नाही. मीच उठवलं," ते बायकोला म्हणाले. "सांग त्याले."

"आता मी मधात नाही पडत. तुम्हीच सांगा." सुशीलाबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला.

जन्मभर रेल्वेत हुकूम सोडलेला माणूस, पण आता त्याने आधी फोन नीट दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "यश, जेवला का रे?"

पोराने इतक्या वर्षांत घरात मराठीत उत्तर दिलं नव्हतं.

"अजून नाही, बाबा."