माथ्यावर पाच मिनिटं

आईनं दुकान बंद करायचं कबूल केलं, पण एक अट घातली. शिवणाचं मशीन विकू, पाटी उतरवू, पुढच्या महिन्यापासून ती माझ्याकडे राहायला येईल, मात्र त्याआधी एका रविवारी तिला समोरच्या बेटाच्या मागे जाऊन यायचं होतं. बेटावर नव्हे, बेटाच्या मागे. हा फरक तिनं फोनवर दोनदा समजावून सांगितला आणि दोन्ही वेळा मी "हो गं, कळलं" म्हणाले. कळलं काहीच नव्हतं.

तिचं दुकान म्हणजे धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या घरातली पुढची खोली. मशीन खिडकीला लावलेलं. खिडकीतून समोरच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर दिसतं, छपराच्या वर समुद्राची वीतभर पट्टी आणि त्या पट्टीवर ते बेट. मान वर केली की बेट, खाली घातली की सुई, अशी एकतीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत तिनं तिथं एकदाही पाय ठेवला नाही. बोट फक्त बुधवारी आणि रविवारी जाते; बुधवारी शिवणकाम संपायचं नाही आणि रविवारी गिऱ्हाइकं.

आईची एक खोड आहे. कुणी विकतचा शर्ट लहान करायला आणला की ती आधी तो उलटा करते. पुढून सगळे कपडे बरे दिसतात, करणाऱ्यानं काय केलंय ते आतून कळतं, असं तिचं म्हणणं. शिवण सरळ आहे का, दाब म्हणून आत जास्तीचं कापड किती सोडलंय, दोरे कापलेत की तसेच लोंबतायत, हे बघितल्याशिवाय ती टेप हातात घेत नाही. लहानपणी ती माझ्या मैत्रिणींच्या फ्रॉकचीही कॉलर उलटून बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बेटाकडेही ती एकतीस वर्षं त्याच नजरेनं बघत होती.

तिला कुणाला विचारता आलं असतं. धक्क्यावर दहा जण तरी असतील ज्यांनी बेटाला पूर्ण वळसा घातलाय. बोट चालवणारा कप्तान तर दर दोन महिन्यांनी गुडघ्यावर फाटलेली पँट घेऊन येतो. पण तो "बाई, मागे ना" एवढं म्हणाला की आई कात्री वर करायची. सांगायचं नाही. बघायचंय, ऐकायचं नाहीये. कप्तान बिचारा तोंड मिटून पँट घेऊन जायचा.

आता माझ्याबद्दल. मी बस डेपोत वेळापत्रकं करते. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठं किती थांबेल, परत कधी येईल, हे बारा वर्षं माझ्या टेबलावर ठरतंय. त्यामुळे सहलीचा आराखडा मी करणार हे उघडच होतं, आणि आराखडा करायचा तर नकाशा बघावा लागणार हेही उघड होतं. गुरुवारी रजा टाकून घरी आले, त्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात बसून मी बेटाचा वरून काढलेला मोठा फोटो छापून घेतला. तेव्हा पहिल्यांदा मला मागची बाजू दिसली.

मागची बाजू नव्हतीच. अलीकडच्या अंगाला हिरवी चढण, वर नागमोडी वाट, माथा, आणि माथ्याच्या पुढे लगेच निळं पाणी. डोंगर मधोमध कापून अर्धा कुणीतरी घेऊन गेल्यासारखा. मी फोटो दोनदा मोठा करून बघितला. मग गुरुवारी बसमधून उतरल्या उतरल्या धक्क्यावर कप्तानाला गाठलं. तो म्हणाला, "ताई, मी तेच सांगायला जायचो. मागे काही नाहीये. सरळ कडा आहे."

आईचे गुडघे पायमशीन मारून मारून कामातून गेलेले. ती बासष्ट वर्षांची. दोन तास चढून तिला वर न्यायचं आणि तिथं तिच्या हातात रिकामी पिशवी द्यायची, हे मला झेपेना. आणि सांगायचीही सोय नाही, कारण कात्री.

मी घरात शिरले तर आईनं आधी नकाशाच मागितला. डोळे मिटून तो कापायच्या टेबलावर पसरला आणि मला म्हणाली, मागचा भाग झाक. मी अस्तराचा एक तुकडा माथ्यापलीकडच्या भागावर टाकला. पुढचे तीन दिवस आम्ही त्या अर्ध्या बेटावर सहल आखली. अस्तर जरा सरकलं की आई खडूचा डबा त्यावर ठेवायची. त्या कापडाखाली झाकण्यासारखं काही नाही हे मला एकटीला ठाऊक, आणि मी मूग गिळून बसलेली.

वाट किती लांब आहे ते आईनं दोऱ्यानं मोजलं. बेटावरच्या धक्क्यापासून माथ्यापर्यंत प्रत्येक वळणावर दोरा बोटानं दाबत नेला, तोडला आणि पट्टीला लावला. नकाशाच्या मापानं तीन किलोमीटर भरले. मी लिहून घेतलं, तर म्हणाली, साडेचार लिही. का? तर कागद सपाट आहे, डोंगराला चुण्या आहेत, चुण्यांच्या झग्याला दीडपट कापड लागतं. मी हसले. मग फोटोवर छापलेल्या उंचीवरून चढ किती ते काढून वेळेचं गणित केलं, तर खरंच साडेचार किलोमीटर सपाट चालायला लागेल तेवढाच वेळ निघाला. मी निमूटपणे आकडा खोडून लिहिला.

शुक्रवारी आणि शनिवारी ती जिना चढायची. खालून गच्चीपर्यंत चार मजले, पाच फेऱ्या. मी घड्याळ लावून कठड्याला टेकून उभी. उतरताना तिचा चेहरा कसनुसा व्हायचा आणि मी लगेच संधी साधायचे. आपण असं करू, धक्क्याजवळच बसू, पहिल्या वळणापर्यंत जाऊ, तिथूनही छान दिसतं म्हणे. पाऊस येईल का? तुझी औषधं? आई ऐकून घ्यायची आणि पुढची फेरी सुरू करायची. मला राग आला, तिचा नाही, त्या बेटाचा. आख्ख्या समुद्रात हिला हेच अर्धं बेट मिळालं होतं का?

शनिवारी दुपारी मी वेळापत्रक लिहायला बसले. बोट आठला सुटणार, पावणेनऊला बेटावर. परतीची बोट दीडला, आणि ती चुकली तर बुधवारपर्यंत दुसरी नाही. चढायला सव्वादोन तास, त्यात पंधरा मिनिटांची एक मोठी विश्रांती. उतरायला दोन तास, गुडघ्यांना उतारच छळतो, म्हणून त्यातही दहा मिनिटं बसायला. धक्क्यावर पंचवीस मिनिटं राखीव. सगळं चोख बसलं. स्वच्छ अक्षरात लिहून आईच्या हातात कागद दिला आणि चहा टाकायला उठले.

चहा घेऊन आले तेव्हा आई कागदाकडे बघत होती. चष्मा कपाळावर ढकललेला. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"माथ्यावर पाच मिनिटं?"

मी म्हणाले, हो, वेळच नाही ना.

"धक्क्यावर पंचवीस, दगडावर बसायला पंधरा, आणि माथ्यावर पाच. तू गाडी कुठं किती थांबवतेस? जिथं माणसं चढतात-उतरतात तिथं ना?"

हातातला कप मी खाली ठेवला. बारा वर्षं हेच काम करते मी. ज्या थांब्यावर कुणी नसतं तिथं गाडी थांबवत नाही, हे हाताला इतकं सवयीचं झालंय की लिहिताना लक्षातही आलं नाही. तोंड बंद ठेवलं आणि कागदानं सगळं सांगून टाकलं. इतकं वाईट मला कुठलीही गाडी चुकवून वाटलं नव्हतं. "आई," मी म्हणाले, "तिथं खरंच..."

तिनं कात्री उचलली नाही. नुसता हात वर केला. मग खिडकीतून बाहेर बघत बसली. गोदामाच्या छपरावरून ते नेहमीचे पांढरे पक्षी येत होते, खिडकीवरून जात होते. मला वाटलं आता ती म्हणेल, राहू दे, नको जायला. खोटं कशाला सांगू, ती तसं म्हणेल अशी मला आशा होती.

"तीस मिनिटं कर," ती म्हणाली.

"कुठून आणू?"

"उसव. दाब सोडलेला असणार तुझा. चढतानाची ती पंधरा मिनिटं काढ, उतरतानाची दहा काढ. मला बसायचंच असेल तर मी वर बसेन. काही असो नसो, मी बघणार, आणि पुरतं बघणार."

पंचवीस मिनिटं तिनं अशी माझ्या नाकासमोर उसवून दाखवली आणि वरच्या थांब्याला जोडली. धक्क्यावरच्या राखीव वेळेला हातही लावला नाही. माझ्या ऑफिसात अशी एक बाई असती तर माझी नोकरी गेली असती.

रविवारी कप्तानानं आईला हात देऊन बोटीत घेतलं. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. सांगितलं नाही अशी मी मान हलवली आणि त्यानं दोर सोडला.

चढ वाईट होता. पहिला अर्धा तास आई बोलत होती, मग नुसता श्वास ऐकू यायला लागला. शेवटच्या वळणाला तिनं माझा खांदा धरला आणि तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. पावणेअकराला आम्ही माथ्यावर होतो, मिनिटाचा फरक नाही.

वर कमरेएवढा खडक आहे, खिडकीच्या चौकटीसारखा. त्याच्यापलीकडे काही नाही. आकाश, पाणी, वारा. आई खडकाशी उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होईना.

"एवढंच," ती म्हणाली. मग खडकावर हात टेकून, "याला पाठच नाही गं. नुसता पुढचा भाग बेतलाय. आणि मी एवढी वर्षं म्हणत होते, बाकीचा कसा असेल, बाकीचा कसा असेल."

ती हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. खाली बसली, गुडघे चोळले. मी थर्मासमधून चहा दिला. तिनं तो घोट घोट करत संपवला. मला रडू येत होतं आणि रडले तर तिला जास्त वाईट वाटेल म्हणून मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. वीस मिनिटं उरली होती. एवढा वेळ आता कशानं भरायचा हे मला कुठल्याच वेळापत्रकानं शिकवलं नव्हतं.

आई उठली, कपातला चोथा फेकायला खडकावरून वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

"इकडे ये."

मी घाबरून धावले, वाटलं चक्कर आली. ती खाली बोट दाखवत होती. कड्याच्या पोटात, आमच्या खूप खाली, पक्षी उडत होते. शंभर असतील, दोनशे असतील. कपारींतून निघायचे, वळसा घ्यायचे, परत कपारीत जायचे. मला आधी कळलंच नाही की यात बघायचं काय.

"तेच आहेत," आई म्हणाली, "खिडकीवरचे. मी जन्मभर यांची पोटं बघितली. पांढरी फटक. आता पाठ बघ."

मी बघितलं. पाठ पांढरी नव्हतीच. राखाडी, पंखांच्या टोकांना गडद होत गेलेली, आणि दोन पंखांच्या मध्ये एक बारीक काळी रेघ, सरळ टीप मारल्यासारखी. पक्षी वळला की पांढरा, पुन्हा वळला की राखाडी. माणूस कायम पाखरांच्या खाली असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. मी वरून काढलेला फोटो दोनदा मोठा करून बघितला होता, आणि त्यात एकही पक्षी नव्हता.

"काम बघ कसं केलंय," आई म्हणाली. गिऱ्हाइकाचा शर्ट उलटा केल्यावर कधीमधी, फार क्वचित, तिचा असा आवाज निघतो. "जी बाजू कुणी बघायचं नाही, तिथं एवढं काम."

रेघ सगळ्यांना आहे का? लहानांना असते का? पक्षी वळताना ती तुटते की वळते? आई विचारत होती आणि मी खडकावर पोट टेकून शोधत होते. एकाला रेघ नव्हती, मी तिला तो दाखवला, तिनं सांगितलं की ते पिल्लू असणार, मी म्हणाले मग त्याचे आईबाप कुठले ते बघू. तो एका कपारीत शिरला. मी त्या कपारीवर नजर लावून बसले.

आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. थर्मास तिनं पिशवीत भरला होता, पिशवी तिच्या खांद्याला होती.

"चल. सव्वाअकरा झाले. तीस मिनिटं संपली."

"थांब ना," मी मान न वळवता म्हणाले, "पाच मिनिटं."